धुराची खिडकी उघडली त्याची हकीकत

थोरल्या साडूभाऊंना धाकट्याचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? झोप लागते का, आणि लागत असल्यास अंथरुणात लागते की माझ्यासारखी पेपर वाचताना? माझी तब्येत ठणठणीत आहे (खोकला सोडून; पण तो आता इतका जुना झालाय की त्याला आजार म्हणणं म्हणजे घरच्या माणसाला पाहुणा म्हणण्यासारखं). दोघी बहिणी एकीमागोमाग एक गेल्या आणि आपलं बोलणंच खुंटलं. तसं आपण दोघं बोलत होतो तरी कधी म्हणा. फोन त्या लावायच्या, तासभर बोलायच्या आणि शेवटी तो आपल्या हातात कोंबायच्या. मग तुम्ही विचारायचात, काय म्हणता. मी म्हणायचो, काही नाही, तुम्ही काय म्हणता. की फोन परत त्यांच्याकडे. तेवढ्या भांडवलावर आपण आयुष्यभर गुण्यागोविंदाने नांदलो.

असो. आमच्या इमारतीत परवा एक प्रकार घडला आणि तो माझ्या हातून घडला, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. समोरचा फ्लॅट कुलूपबंद, त्यामुळे जिन्याचा शेवटचा टप्पा माझ्या एकट्याच्या वाट्याचा. त्या टप्प्याच्या डोक्यावर, छतात, सोसायटीने हल्लीच एक खिडकी बसवली. ती हाताने उघडायची नसते. जिन्यात धूर शिरला की छताला लावलेल्या वाटीएवढ्या डबीला तो कळतो, डबी मोटरला कळवते, आणि खिडकी आपोआप उघडून धूर वरच्या वर सोडून देते. ती बसवणाऱ्या मेकॅनिकने मला समजावलं, की आगीत माणूस पुष्कळदा जाळाआधी धुरानेच गुदमरतो, म्हणून पळायला जिना तरी मोकळा हवा. हे त्याने दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा कळलेलं असूनही मी पुन्हा विचारलं. (त्या आठवड्यात माझ्या दारात बोललेला तो एकच माणूस. गॅसवाला आला होता, पण तो घाईत होता.)

परवा दुपारी तो तपासणीला आला. मी बटाटे उकडायला ठेवले होते, पातेल्यात (कुकरची मला अजून धास्ती वाटते, ते खातं तुमच्या मेहुणीकडे होतं). शिडीची खडखड ऐकून मी दार सताड उघडं टाकून बाहेर गेलो. शिडीवर चढलेल्या माणसाची एक मोठी सोय असते, तो निघून जाऊ शकत नाही. मी त्याला चहा विचारला, तो नको म्हणाला. मग मी त्याला हिचं आजारपण सांगायला घेतलं. पहिल्या डॉक्टरने काय सांगितलं, दुसऱ्याने ते कसं खोडून काढलं, आणि मी दोघांनाही मान कशी डोलावली. तो बिचारा स्क्रू पिळता पिळता हुंकार देत होता. मी तिसऱ्या डॉक्टरपर्यंत पोचलो तेव्हा तो खाली वाकून म्हणाला, "काका, तुमच्या घरातून धूर येतोय."

मी वळेपर्यंत डबीला कळलं होतं. वर मोटर घुरघुरली, खिडकी उघडली आणि सगळ्या इमारतीत भोंगा सुरू झाला. आत धावलो, गॅस बंद केला, चिमट्याने पातेलं उतरवलं. पाणी आटून गेलं होतं, बटाट्यांचे कोळसे झाले होते. बाहेर येऊन पाहतो तर मेकॅनिक प्रसन्न. आजवर त्याने डबीवर नुसता खोट्या धुराचा फवारा मारून पाहिला होता. खरा धूर तिला पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो माझ्या देखत शिस्तीत वर निघून गेला. भोंगा मात्र खालूनच बंद करता येतो आणि लिफ्ट अशा वेळी तळाला जाऊन बसते, तेव्हा आम्ही जिना उतरू लागलो. मजल्यामजल्यावर दारं उघडत होती. मी हातातल्या चिमट्यासकट गर्दीत मिसळलो.

खाली आवारात सेक्रेटरीबाई मजल्यांप्रमाणे माणसं मोजत होत्या. सर्वांत वरचा मजला आला तेव्हा त्यांनी विचारलंही नाही. "तिथे कोणी राहत नाही, दोन्ही फ्लॅट बंद आहेत," असं म्हणून पुढे गेल्या. मी त्यांच्या कोपराजवळ उभा होतो. मी राहतो म्हणालो, पण आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे सकाळी वर खोकतं ते तुम्ही? मला वाटायचं टाकीचा पंप बिघडलाय." त्यांनी तशी तक्रारही केली होती, आणि प्लंबर दोनदा येऊन पंप उघडून बघून गेला होता. बाई ओशाळल्या. मला हसू फुटलं, हसताना खोकला आला, तेव्हा त्यांची खात्री पटली.

बटाट्यांचं मी कबूल केलं. कोणी रागावलं नाही, उलट जो तो आपलं करपलेलं सांगू लागला. भोंगा केव्हाच थांबला होता, तरी आम्ही उन्हात उभे होतो. निघताना सेक्रेटरीबाईंनी विचारलं, तुमचं काही झालं तर कोणाला कळवायचं. मी तुमचं नाव आणि नंबर सांगितला. नातं काय, म्हणाल्या. साडू म्हटलं तर म्हणाल्या, साडू म्हणजे नक्की कोण ते मला दर वेळी आठवावं लागतं. मी म्हटलं, भाऊ लिहा.

काळजी नसावी. बटाट्यांखेरीज कोणी दगावलेलं नाही.

आपला,
धाकटा साडू

ता. क. सेक्रेटरीबाईंनी तुमचा नंबर तिथल्या तिथे लावून पाहिला. हा नंबर अस्तित्वात नाही असं सांगत होतं. मी म्हटलं, त्यांच्याकडे रेंज नसते. घरी येऊन मीही लावून पाहिला, कालही पाहिला. नंबर बदलला असेल तर कळवा. पत्राचं मूळ कारण एवढंच.

ता. क. आणखी एक. उत्तर तुमच्या हातचं हवं, दोनच ओळी चालतील. पाकिटावर तुमच्या मुलाचं अक्षर दिसलं तर मी ते उघडणार नाही.