सतरा सांजोऱ्यांचा खुलासा

देवपूर, धुळे
आखाजीला (कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया) बावीस दिवस बाकी

ती. दिपाअक्कास,
धाकट्या नवलचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. तुझ्या जर्मनीत थंडी सरली का? आमच्याकडे पारा बेचाळीसला टेकलाय आणि दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटारींची रांग लागलीय (उन्हाळा म्हणजे आम्हा वाइंडिंगवाल्यांची दिवाळी).

पत्रास कारण की, जळगावच्या संशोधन केंद्राकडून तुला जो कडक ईमेल आला असेल, तो माझ्यामुळे आलाय. आधी माझं ऐक, मग रागव. रागावलीस तरी मी माफी मागणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तूच फोनवर म्हणालीस ना? परदेशातल्या कॅन्सरच्या शास्त्रज्ञांना घरी आणायला अनुदान आलंय, तुझी निवड झालीय, पाच वर्षांचा पगार, प्रयोगशाळा, विमानाचं तिकीट, सगळं आहे. आता फक्त समितीचा शेवटचा शिक्का आणि तुझा होकार बाकी, तोही महिनाअखेरच्या आत. पण तुझे ते पेशींचे नमुने उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये राहतात, जळगावात वीज गेली की दहा वर्षांचं काम पाण्यात, म्हणून सही करायला तुझा हात धजत नाही. अक्का, विजेपायी! सख्खा भाऊ वीस वर्षं मोटारी भरतोय आणि तू विजेला घाबरतेस? मला ते फार लागलं. म्हटलं, जळगावचा तो फ्रीजर बघूनच येतो.

आईचं तर तुला माहीतच आहे. तिच्या मते मी निघालो होतो तो आखाजीला लेक आणायला, मुराळी म्हणून. "रिकामा हाते जाऊ नको, पोरले लेवाले चालना तू," म्हणत तिने पितळी डब्यात सतरा सांजोऱ्या भरून दिल्या. (अठरा होत्या. पारोळ्याला बस बराच वेळ थांबली.)

केंद्रात रुपचंदभाऊ नावाचे शिपाई भेटले. कोण म्हणून विचारलं, मी सांगितलं, डॉक्टर दिपमालाबाईंचा मुराळी. माणूस आपल्याकडचा, पुढे काही विचारलंच नाही. डबा घेतला, सांजोऱ्या ताटलीत लावल्या आणि चहाबरोबर मीटिंगमध्ये नेऊन ठेवल्या. आत कोण? तुझ्याच फाइलवर शिक्का मारायला बसलेली समिती! पाच जणांनी सतरा संपवल्या. मग दिल्लीहून आलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, कुठल्या दुकानातल्या? रुपचंदभाऊंनी छाती फुगवून सांगितलं, उमेदवाराच्या घरच्या.

झालं! उमेदवाराच्या नातेवाइकाने समितीला खाऊ घातलं, म्हणजे लाच. संचालक प्रेमराजसाहेबांनी मला आत बोलावलं (त्यांच्या मिशीला तेव्हा रवा होता) आणि म्हणाले, लेखी खुलासा द्या, नाहीतर निवड रद्द करावी लागेल.

दिला की! तिथेच बसून दिला. लिहिलं, मुराळी रिकाम्या हाताने जात नाही, ही रीत तुमच्या नियमाआधीची आहे. ज्यांना ही लाच वाटते त्यांना ती खाण्याआधी वाटायला हवी होती. आणि डबा परत मिळावा, तो आमच्या आईच्या रुखवतातला आहे. साहेब म्हणाले, भाषा जरा मऊ करा. मी म्हटलं, एक अक्षर बदलणार नाही. आमचे आबा तोंडाच्या कॅन्सरने मुंबईला नेता नेता वाटेत गेले, तेव्हापासून माझी बहीण त्या रोगाच्या मागे हात धुऊन लागलीय, आणि तुम्ही तिला सांजोऱ्यांनी तोलता? माझा आवाज फुटला होता, खोटं कशाला सांगू.

शेवटी दिल्लीच्या बाईंनीच तोड काढली. तू मुदतीत लिहून द्यायचं, की हा इसम माझा भाऊ आहे आणि त्याच्या सांजोऱ्यांशी माझ्या निवडीचा संबंध नाही. मग शिक्का.

मी तुला ये म्हणत नाही. यायचं तर ये, नाहीतर तिथेच राहा. आमचं काही अडलेलं नाही.

तुझा,
नवल

ता. क. फ्रीजर चालू आहे. पण मागचा जनरेटर चार महिन्यांपासून जळून पडला होता. तुझी भीती खरी होती (हे लिहिताना पेन अडखळतोय). परवा जाऊन मी त्याचं वाइंडिंग नव्याने भरून दिलं, मजुरी घेतली नाही, नाहीतर त्याचाही खुलासा मागतील. मेन स्विच पाडून जनरेटर सहा तास चालवून पाहिला, उणे ऐंशीचा आकडा जागचा हलला नाही.

ता. क. दुसरा. सोबतच्या कागदावर भाऊ असल्याचं निवेदन आहे. मागच्या बाजूला तुझं होकारपत्र आहे. पाठपोट मीच छापून घेतलंय. दोन्हीकडे सही कर.

ता. क. शेवटचा. आबांच्या नावाची, पितरांची घागर दर आखाजीला मी भरतो. यंदा आईने ती आणून कोपऱ्यात ठेवलीय आणि मला हात लावू देत नाही, दिपाच भरेल म्हणते. नोकरीवर पुढे रुजू हो, आधी चार दिवस येऊन घागर भरून जा. वर 'तिथेच राहा' लिहिलंय ते खोडलं असं समज. माझा पासपोर्ट कालच आलाय. तू आली नाहीस तर डबा घेऊन तुझ्या जर्मन प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसेन. मुराळी एकटा परतत नसतो, अक्का.