मिठाच्या पाण्याचा गट

३ मार्च
आज उबवणीयंत्रातली अठराव्या दिवसाची अंडी टोचली. बोथट टोकाला बारीक भोक, सुई आत, वर मेण. अर्ध्यांना जस्त, मँगनीज, तांबं. अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. सुई दोघांनाही बसायला हवी – नाहीतर पिल्लांच्या हाडांत फरक पडला तो खनिजांनी की नुसत्या सुईने, कळणार कसं?

तांब्याने पाण्याला किंचित निळसर झाक येते. म्हणून मी सिरिंजना काळा कागद गुंडाळते. टोचणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मामांना कुठलं काय ते कळता कामा नये.
"बाई, सतरा वर्षं झाली, अजून एवढा अविश्वास?"
"नियम आहे, मामा."
"अंडी काय कुणाला जाऊन सांगणारेत!"

५ मार्च
दादाला दर आठवड्याची सुई देऊन आणलं. स्नायू झिजत चाललेत त्याचे. शिंपी माणूस – आणि कात्री धरवत नाही. रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी चालू आहे. तिथेही दोन गट. कुणाला औषध, कुणाला मिठाचं पाणी. डॉक्टरांनाही ठाऊक नाही.

"तुझ्या अंड्यांना तरी कळतं का गं, काय टोचलंय ते?" दादा हसला. हसता हसता ठसका लागला. वहिनी धावली.

६ मार्च
पिल्लं बाहेर आली. दोन्ही गटांची सारखीच – ओली, चिडकी, पायांत लटपटणारी. हाडं सातव्या दिवशी मोजायची. म्हणजे आधी मारायची.

१२ मार्च
दादाची सिरिंज आज उजेडात जवळून पाहिली. नितळ. रंग नाही, गढूळपणा नाही.

परतताना वहिनीला म्हटलं, त्याला पाणीच देताहेत.
"तुम्हाला कसं कळलं?"
"माझं रोजचं काम आहे ते, वहिनी."
तिने माझा हात घट्ट धरला. "म्हणजे औषध अजून हातचं आहे!"

महिनाअखेर चाचणी संपते. मग पाण्याच्या गटालाही खरं औषध, घरी ठेवायला. वहिनी आज पोटभर जेवली. किती दिवसांनी!

१३ मार्च
हाडं मोजली. खनिजांच्या गटाची जड भरली. मोडायलाही जास्त जोर लागला.
"आता तरी हसा, बाई!" मामा म्हणाले.
मी हसले. मग दुसऱ्या गटाची हाडं डबीत भरली. ह्यांना नंतर खरं काही मिळायचं नव्हतं.

१९ मार्च
दादाला चमचाही उचलवत नाही. मान कलते.
आणि मला बरं वाटतं! तो खालावतोय, म्हणजे औषध अजून अंगात गेलेलंच नाही.
असं लिहायची लाज वाटते.

२४ मार्च
त्याचं बोलणं आता फक्त वहिनीला कळतं. ती ऐकते आणि मला सांगते.
"म्हणताहेत, हात चालू लागले की पहिला कोट तुमच्या मामांना. बिचाऱ्यांवर कुणाचा विश्वास नाही."
दादा डोळ्यांनी हसत होता. त्याचा माझ्यावर आहे.

२८ मार्च
काही नाही. वाट पाहणं.

३१ मार्च
डॉक्टरांचा फोन आला. गट उघडले. दादाला पहिल्या दिवसापासून खरं औषधच मिळत होतं.

वहिनी स्वयंपाकघरात फ्रीजचा वरचा कप्पा पुसतेय. तिथून हाक मारून विचारते – बाटल्या उभ्या ठेवायच्या की आडव्या?