रंगाचा ग्लास

प्रिय चिमणे,

आवाज असा का येतोय म्हणून तू विचारलंस आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दी नाही ग, मी घाबरले आहे. फोनवर बोलताना बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे रम चाखायला पाहुणे होते. आमची वाटणी तुला माहीतच आहे. रमची पिंपं त्यांची, सोबतच्या ताटल्या माझ्या, भांडण दोघांचं. बाबांनी उसाची सगळ्यात मुरलेली रम काढली. जोडीला मी कडू चॉकलेट, जुनं चीज आणि भाजलेला अननस करत होते. बोलण्याच्या नादात अननस करपला, घरभर वास सुटला. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, इतक्या वर्षांच्या रमची माती केलीस म्हणाले असते. त्या दिवशी चकार शब्द नाही. मला वाटलं, म्हातारपणी शहाणपण आलं.

मी ताटल्या घेऊन दारात आले, तर त्यांच्या हातात भलताच ग्लास. रमचा रंग ताडून बघायला जळक्या साखरेचं पाणी ठेवतात ना, तो. त्यांनी तो हुंगला, डोळे मिटले आणि सांगू लागले, आधी व्हॅनिला, मग संत्र्याची वाळलेली साल, शेवटी लाकडाचा धूर. पाहुणे माना डोलावत होते. थट्टा करत मी ग्लास बदलला, कुणाला कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना ते आपणहूनच म्हणाले, "वर्ष झालं, मला कसलाच वास येत नाही. तू घोट घेतेस तेव्हा तुझं तोंड बघून सांगतो मी सगळं. आज तू आत होतीस."

हसले. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडले. डॉक्टर म्हणतात, नुसतं नाकाचं असेल, नाहीतर मेंदूच्या दुखण्याची सुरुवात असेल. पुढे आठवणही जाते म्हणे. तपासण्या झाल्यात. त्या दिवसापासून ते किल्ली शोधायला लागले तरी माझ्या छातीत धस्स होतं.

मंगळवारी निकाल आहे, तो ऐकायला मी एकटीनं आत जायचं ठरलंय. मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले की ते काही विचारणार नाहीत, नुसते माझ्याकडे बघतील. या माणसासमोर मला तोंड सांभाळता येत नाही. तू ये. आत तू जा. मी बाहेर त्यांच्याजवळ बसते, अजून काही माहीत नसलेलं तोंड घेऊन.

तुझीच,
आई