रान गप्प झालं तेव्हा

निरगुडसर,
६ ऑक्टोबर २०२५

ती. तुकाआत्यास, निर्मलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येईना झालं, म्हणून पत्र. सासूबाईंचा गुडघा दुखतो, तरी शेळ्यांसाठी घास कापायला रोज जातात.

एक गंमत सांगते. मी मोबाईलवर गाणी रचायच्या वर्गात नाव घातलंय. बहुतेक जण शहरातले. बाई सांगतात, रोज अर्धा तास रानात एकटं बसा, कानावर पडेल ते लिहा, गाणं त्यातूनच येतं. हे म्हणाले, मेंढरामागं आपल्या सात पिढ्या हेच करत आल्या, फक्त वही नव्हती. तू रचायचीस तसं मला जमेल का गं?

माया असू दे.
तुझी निर्मला

ओतूर,
१४ ऑक्टोबर

चि. निर्मलास अनेक आशीर्वाद.

लई हसले. मी कुठली रचतेय? पाय थकू नयेत म्हणून तोंड चालायचं. पण उसाच्या कडंला एकटी बसू नको. बिबट्या हिंडतोय, हे तुझ्या बाईंना काय ठाऊक? गाणं झालं की मोठ्या अक्षरात धाड. ऐकू येत न्हाई, वाचीन तरी.

सासूला जप.
तुझी आत्या

निरगुडसर,
९ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

सासूबाई गेल्या, हे तुला सुभाषभाऊजींनी कळवलंच. कसं झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

सत्तावीस तारखेला सकाळी नऊला मी बांधावर बसले होते. सासूबाई पन्नास पावलांवर घास कापत होत्या. साळुंक्या भांडत होत्या. एकाएकी सगळं गप्प झालं. मला ते फार आवडलं. मान खाली घालून मी मोबाईलवर लिहिलं, रान माझ्यासाठी श्वास धरून बसलंय. वर्गाच्या मोबाईलवरच्या गटात धाडलं. लगेच टाळ्या आल्या. वर बघितलं तर घासात नुसता विळा. उसात काहीतरी पिवळं शिरलं. शेपूट का पाठ, तेही नीट दिसलं नाही. मी ओरडत राहिले. सासूबाई दुपारी सापडल्या.

तू मेंढरात वाढलीस. खरं सांग, पाखरं गप्प झाल्यावर तुला कळलं असतं ना?

निर्मला

ओतूर,
१५ नोव्हेंबर

चि. निर्मलास आशीर्वाद.

खोटं लिहीत न्हाई. कळलं असतं. पाखरं गप्प झाली की आमी मेंढरं गोळा करायचो. पण कळून काय व्हतं? माझी धाकटी जाऊ हिरा बिबट्यानं माझ्या शेजारनंच नेली. मला कळलं व्हतं, हातात काठीबी व्हती. पाय हलले न्हाईत. त्यानंतर मी गायले न्हाई. लोकांना वाटतं कान गेले म्हणून.

दोन घास खात जा.
आत्या

निरगुडसर,
२३ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

वर्ग सोडला. बाईंचा फोन आला, रडल्या. मग चाचरत म्हणाल्या की माझी ती ओळ गटाच्या गाण्यात घेतली होती, आता काढतील. मी म्हणाले, काढा.

शुक्रवारी पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला. अख्खा गाव लोटला. मला पुढं नेलं, कारण पाहिलेली मी एकटीच. तो धापा टाकत होता. ह्यांनी विचारलं, हाच का? इतक्या दिवसांत ह्यांनी धड जेवण केलं नव्हतं. मी हो म्हणाले. ह्यांनी तिथंच बसून तोंड झाकलं. वनखात्याची माणसं गाडीतून त्याला घेऊन गेली.

आज बायका पुन्हा एकट्यादुकट्या घासाला निघाल्यात. निर्मलानं ओळखला, आता भ्या न्हाई, असं म्हणतात. आत्या, मी आता कुणाकुणाला थांबवू? आणि काय सांगून?

मला अंतर देऊ नकोस.
निर्मला