पहिल्या टोपलीला 'लाभ'

आप्पा,

पत्राच्या सुरुवातीला जे काही लिहितात ते सगळं मी लिहिलंय असं धरून चाला, कारण मला आत्ता धीर नाही! काल संध्याकाळी नेरूळला, आमच्या विद्यापीठाच्या सभागृहात, भरल्या लोकांसमोर माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. तुमचाच! कोपरखैरण्याचं आपलं अख्खं सेक्टर ओळखायचं तो. आज रविवार, आई खाली दूध आणायला गेलीय. ती यायच्या आत मला हे सांगून टाकायचंय, कारण तिच्यापुढे तुमचा विषय काढला की ती रडते आणि माझं सांगायचं राहून जातं.

थांबा, नीट सांगते. तुम्ही गेल्याला दोन वर्षं झाली. मी आता एम.ए. करतेय, भूगोल घेऊन. आमच्या विद्यापीठात सहा जणांचा एक छोटा वाद्यवृंद आहे. दोन व्हायोलिन, एक चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, बासरी, क्लॅरिनेट, आणि एकजण लोखंडी घमेलं वाजवतो. हसू नका! आजच्या काळातलं नवीन संगीत आहे ते. समोर हात हलवणारा कुणी नसतो, एकमेकांचा श्वास ऐकत वाजवायचं. आणि मधे उभं राहून एक निवेदक गोष्ट सांगतो. ती निवेदक मी आहे, आप्पा! मी!

कशी झाले माहितीय? एक मैत्रीण वर्गात डबा विसरून खाली फाटकापाशी पोचली होती. मी तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली. संगीत शिकवणाऱ्या केतकी मॅडम खोलीतून बाहेर आल्या, "हा आवाज कोणाचा?" म्हटलं, झालं, आता बोलणी खायची. तर म्हणाल्या, "उद्यापासून तालमीला ये."

मॅडमनीच रचलंय सगळं. खाडीकाठची जुनी मिठागरं, तिथे डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहणाऱ्या बायका, अशी ती गोष्ट. व्हायोलिनवाली मुलगी अशा तारा खरवडते की खरंच पायाखाली मीठ चरचरतंय असं वाटतं. बासरीवाला सूर न लावता नुसती हवा फुंकतो, तो खाडीवरचा वारा. पहिल्या दिवशी मला वाटलं, वाद्यं बिघडलीयत. आठव्या दिवशी अंगावर काटा आला. मला तुम्हाला तिथे नेऊन बसवायचं होतं. तुम्ही नक्की म्हणाला असतात, "ह्यात गानं कुटाय?" आणि मग गपचूप शेवटपर्यंत ऐकलं असतंत.

गोष्टीच्या शेवटाकडे मी सहा टोपल्या मोजते. 'एक' म्हटलं की चेलो आत येतो, 'दोन'ला बासरी, असं एकेक वाद्य. माझा शब्द हीच त्यांची खूण. मी चुकले तर सगळेच अडकले.

पण आवाज उघडेना! मैत्रिणीला हाक मारताना निघालेला आवाज तालमीत घशातच बसला. माइक नाही, नुसत्या गळ्यावर सभागृह भरायचं. मॅडम रोज म्हणायच्या, "रंजना, आवाज का चोरतेस?" शेवटी त्यांनी दुसऱ्या एका मुलीकडून निवेदन रेकॉर्ड करून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सॉरी बेटा. कार्यक्रमाला तू उभी राहा, पण पहिल्या पानावर आवाज पडला तर मी बटण दाबणार." ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत.

आवाज का चोरते ते मॅडमना काय सांगणार? तुम्हाला सांगते. तुम्हालाच सांगायचंय.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी घरी ओळखपत्र विसरले होते आणि त्या दिवशी परीक्षा होती. तुम्ही दाणा मार्केटमधून अर्धी पाळी सोडून, अंगावरची डाळीची भुकटीही न झटकता, कॉलेजच्या फाटकावर आलात. वॉचमन आत सोडेना, म्हणून तिथूनच हाक मारलीत, "रंजेऽऽ! ए रंजेऽऽ!" मी कॅन्टीनच्या पायरीवर नव्या मैत्रिणींबरोबर होते. एकीनं विचारलं, "कोण बोंबलतंय गं?" मी म्हटलं, "काय माहीत." तुम्ही तीनदा हाक मारलीत. मी ओ दिली नाही. ओळखपत्र वॉचमनकडे ठेवून तुम्ही गेलात.

आणि घरी आल्यावर आईला काय सांगितलंत? "वारा उलटा हुता, आवाज पोचला नसंल." तुमचा आवाज! जो चार गाळे ओलांडून ट्रकवाल्याला जागा करायचा! एवढं सांभाळून घ्यायची काय गरज होती, आप्पा? एकदा रागावायचं होतं. एक थोबाडीत दिली असतीत तरी मी मोकळी झाले असते. तुम्ही जेवायला बसलात आणि मला आग्रहानं भाकरीचा पापुद्रा दिलात. मी तो खाल्लासुद्धा. त्यानंतर मी चारचौघांत हळूच बोलायला लागले, ती लाज आजपर्यंत गेली नव्हती.

तर काल! आई आलीच, सोबत तुमच्या माथाडी टोळीतले सर्जेराव काकाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिलं पान मी कसंबसं तारून नेलं. मॅडमचा हात बटणावर होता, मला दिसत होता. वादन सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर आईनं काकांना विचारलं म्हणे, "सुरू कवा हुनार?" काका म्हणाले, "गप, सुरूच हाय ते."

मग टोपल्या आल्या. सगळी वाद्यं थांबली. चेलोवाल्या मिहीरनं बो, म्हणजे वाजवायचा गज, उचलून धरला, माझ्याकडे बघतोय, 'एक'ची वाट बघतोय. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ट्रकचं फाळकं, तुम्ही त्यावर उभे, पाठीला पोतं लावलेली टोळी. पहिल्या पोत्याला तुम्ही कधी 'एक' म्हणालात? पहिलं म्हणजे 'लाभ'च, शुभ म्हणून! आणि मी पोटातून, गळा सोडून म्हटलं,

"लाऽऽभ!"

अख्खं सभागृह दणाणलं! आणि मग शांत. मिहीर बो हवेत धरून तसाच. संपलं, म्हटलं, घालवलं सगळं.

तेवढ्यात मागून खणखणीत जबाब आला, "लाऽऽभ!"

सर्जेराव काका! तुमच्या टोळीची रीतच ती. मोजणारा लाभ म्हणाला की पोतं उचलणाऱ्यानं जबाब द्यायचा, त्याशिवाय मोजणी पुढे जायची नाही. वीस वर्षांची सवय, बसल्या जागी तोंडातून निघालं! आणि त्या दुसऱ्या 'लाभ'वर मिहीर बरोब्बर आत आला. काय चेलो वाजला, आप्पा! मग 'दोन'ला बासरी, 'तीन'ला क्लॅरिनेट, सहापर्यंत मी तुमच्यासारखी मोजत गेले आणि घमेलं घुमलं तेव्हा मी हसत होते. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. टाळ्या थांबेनात!

पडदा पडल्यावर मिहीर धावत आला. "अरे यार, तू एक बोललीच नाय! माझी वाट लागली होती. ते काका कोण?" काका कोपऱ्यात ओशाळून उभे होते. "पोरी, माफ कर. लाभ म्हनल्यावर गप ऱ्हाववंना बग. वाटलं, आप्पाच मोजतूय." मी त्यांच्या पाया पडले.

मॅडमनी तिथेच पेन काढलं. कागदावरचा 'एक' खोडून 'लाभ' लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'प्रेक्षकांतून जबाब'. पुढच्या महिन्यात बेलापूरला प्रयोग आहे आणि काकांना रीतसर आमंत्रण आहे! त्यांनी आत्तापासून गुळण्या सुरू केल्यात. त्या रेकॉर्डिंगचं पुढे काय झालं, कुणी विचारलंही नाही.

हाक मारली की जबाब यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं अडतं, हे मला काल त्या दोन क्षणांत कळलं. तुम्ही फाटकावर किती वेळ उभे होतात, आप्पा?

जिन्यात आईच्या चपला वाजतायत, तेव्हा आवरते. एक वचन देते. यापुढे कुणीही, कुठूनही, कितीही मोठ्यानं माझं नाव घेऊ दे, चारचौघांत, अंगावर कसलीही भुकटी घेऊन, मी पहिल्या हाकेला ओ देईन. आणि तुमची ती जुनी हाक अजून तशीच अडून राहिलीय. वारा उलटा नव्हता, आप्पा. मला ऐकू आली होती, तिन्ही वेळा.

ओऽऽ आप्पा! आले!

तुमची
रंजी