छपरावरची कुत्री

सांगोले, ता. ६ जुलै १९३१

ती. स्व. नानांस,
धाकट्या एकनाथाचा सा. न. वि. वि. इकडे क्षेम. पाऊस नाही, आणि माझा घोटाळा झाला तो पावसावरूनच. मुसळधार पावसाला इंग्रज 'मांजरेकुत्री पडतात' म्हणतात, असे वर्गात सांगितले. गुंडा नावाच्या पोराने विचारले, असं का? मला ठाऊक नव्हते. पण मास्तराने तसे म्हणावे कसे? ठोकून दिले, की विलायतेत ही जनावरे गवती छपरावर निजतात आणि पावसात घसरून रस्त्यावर पडतात.

दुसऱ्या दिवशी त्याची आई केराबाई आपली मेंढरे बाहेर थांबवून वर्गाच्या दारात आली. म्हणाली, मास्तर, मांजराचं ऱ्हाऊ द्या, पर कुत्रं छपरावर कुटं चढतंय? माझ्याकडं तीन हायती, एक तरी चढवून दावा की. मुले अजून हसताहेत.

१६ तारखेला डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येणार. माझी नोकरी कायम होणे त्यांच्या शेऱ्यावर आहे. आपण हायस्कुलात इंग्रजी शिकवता, तरी खरी हकिकत उलट टपाली कळवावी. वहिनींस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
आपला एकनाथ

सोलापूर, ता. ९ जुलै

चि. एकनाथास अनेक आशीर्वाद.
पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवले. ती केराबाईच्या बाजूची आहे. मी तीन पुस्तके पाहिली. एकात एक कारण, दुसऱ्यात भलतेच, तिसऱ्याने स्वच्छ लिहिले आहे की नक्की कोणालाच ठाऊक नाही. तूही वर्गात तसेच सांगून टाक. जड जाईल. एकवीस वर्षांच्या मास्तरकीत 'मला माहीत नाही' हे मी दोनदाच म्हणालो, त्यातले एकदा घरी. प्रकृतीस जप, आठवण ठेव.
तुझा नाना

सांगोले, ता. १७ जुलै

ती. स्व. नानांस सा. न. वि. वि.
वर्गात सांगितले. जड गेले, पण सांगितले. काल साहेबांनी नेमके तेच विचारले. गुंडा उठून म्हणाला, कुनालाच ठावं न्हाय सायेब, पुस्तकातबी तसंच लिवलंय; मास्तरांनी आदी खोटं सांगितलं, मग खरं सांगितलं.

साहेबांनी मुलांना बाहेर सोडले आणि दार लोटले. मला वाटले, संपले. त्यांनी हलक्या आवाजात त्या पुस्तकाचे नाव विचारले. जहाजावरची मांजरेकुत्री वादळात उडून गावात पडत, असे ते स्वतः, मास्तर होते तेव्हापासून, एकोणीस वर्षे सांगत आले होते.

शेरा उत्तम मिळाला, नोकरी कायम. निघताना म्हणाले, तुम्ही नशीबवान, आमच्या वर्गात कोणाची आई कधी आलीच नाही.

आहे तसाच लोभ पुढेही असो.
आपला एकनाथ