समुद्रकाठच्या मळ्यातली रेड

४ ऑक्टोबर २००८
ईद झाली, हॉटेलातलं आमचं रेस्टॉरंट परत फुल्ल. आज नवा माल आला. शेफ पाओलो किचन सोडून धावत बाहेर, खोका स्वतः फोडला. त्याच्या गावाजवळ, इटलीच्या किनाऱ्यावर एक मळा आहे, तिथली रेड वाइन. कॅबर्ने, मर्लो, थोडी सांजोवेसे, अशी द्राक्षं. दीड वर्ष ओकच्या पिंपात. तरुणपणी हा तिथे द्राक्षं खुडायला जायचा. मलाही एक घोट दिला.
"काय लागतंय, लवीना?"
चेरी म्हटलं. तंबाखू. आणि शेवटी जिभेवर किंचित खारट.
"ते वाऱ्याचं काम. समुद्रावरून येतो, वेलींवर मीठ ठेवून जातो."
वसईची आमची वाडी आठवली. लहानपणी केळीच्या पानावर बोट फिरवून चाटायचे, असंच लागायचं. त्याला सांगायचं राहिलं. सात नंबरचं टेबल कधीचं वाट बघत होतं.

२१ नोव्हेंबर
शुक्रवार. चर्चमधल्या मासहून थेट ड्युटी. चारच टेबलं. नेहमीचे बिल्डर लोक मंदीने गायब. एकाने फोन करून ख्रिसमसची पार्टी कॅन्सल केली, आवाज पडलेला. आता कोणी बाटली मागत नाही, ग्लास मागतात. पाओलोची रेड रॅकवर आडवी पडून. मी धूळ पुसते.
कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं मायदेशी गेली. गाडी खालीच सोडून.

१५ जाने. २००९
नवऱ्याची, व्हिन्सेंटची, बांधकामाची साइट बंद. क्रेन आहेत तशा उभ्या, माणसं घरी. घरी आला, बूट न काढता सोफ्यावर बसून राहिला. मी चहा ठेवला. म्हणाला, "लवी, पप्पांचं तिकीट कॅन्सल करायचं का?"
माझ्या वडिलांचा व्हिजिट व्हिसा महिन्यापूर्वीच आलाय. आई गेल्यापासून बोलावतेय, तेव्हा कुठे हो म्हणाले. नाही म्हटलं. येऊ देत.

३ फेब्रु.
पप्पा आले. बॅगेत सुकेळी, सुके बोंबील, आणि टॉवेलात गुंडाळलेली घरच्या वाइनची बाटली. दर वर्षी काळ्या मनुकांची करतात, बरणीत. नाताळची उरलेली. एअरपोर्टवर कोणी विचारलंसुद्धा नाही म्हणून त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं.
आमची रिया आजोबांशी इंग्लिशमध्ये बोलते, ते मराठीत उत्तर देतात. दोघांचं छान चाललंय.

१६ फेब्रु.
मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. महिनाअखेर रेस्टॉरंट खलास. मला हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये घेणार. पाओलोला नाही. उरलेली वाइन सप्लायरकडे परत. पाओलो सॉस ढवळत राहिला. मग म्हणाला, "तुझे वडील वाइन करतात ना? घेऊन ये त्यांना. त्यांची बाटलीपण."

२७ फेब्रु.
आजचं नीट लिहून ठेवायचंय.
दुपारी पप्पांना घेऊन गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. एकच टेबल मांडलेलं, पांढरं कापड घालून. पाओलोने त्याची रेड पप्पा यायच्या आधीच उघडून ठेवली होती, वाइनला श्वास घ्यायला. पप्पा म्हणाले, "बाय, बाटली उघडीच का ठेवली यानं? उडून जाईल."
ओतली. पप्पांनी वास घेतला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. पाओलो टेबलावर वाकून बघतोय.
"काय म्हणतात?"
पप्पा माझ्याकडे बघून, "त्याला वाईट वाटेल का? होडीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतंय. ओलं लाकूड नि खारं पाणी."
मी सांगितलं. पाओलो इतका हसला की मॅनेजर आत डोकावला. "मळ्याच्या मालकाला सांगू नका, हबीबी! वर्षानुवर्षं तो याच्यासाठी मोठेमोठे शब्द शोधतोय."
मग पप्पांची. गोड, दाट, काळसर. पाओलोने लहान ग्लासात घेतली. एक घोट. ग्लास खाली ठेवला, खुर्चीत बसला. हसणं गेलं.
"द्राक्षं वाळवून?"
"मनुका," मी म्हटलं.
त्याची आईपण करायची. माळ्यावर द्राक्षं टांगायची, ती सुकली की छोट्या पिंपात. विन सांतो म्हणतात तिकडे. आई गेली त्या हिवाळ्यात तो इथे दोनशे लोकांचं बँक्वेट करत होता. त्यानंतर पिंप कोणी उघडलंच नाही.
हे पप्पांना सांगितलं. त्यांनी त्याचा ग्लास परत भरला. पाओलोने त्यांचा. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. थोड्या वेळाने पप्पा त्याला वाडीतल्या विहिरीचं सांगत होते, मराठीत, हातवारे करून, आणि तो मान हलवत होता. मी भाषांतर करायचं सोडून दिलं.
टॅक्सीत पप्पा म्हणाले, "माणूस चांगला आहे. वाइन ठीक." मग शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा, बाहेर बघत, "तुम्ही पण या आता घरी."

६ मार्च
पाओलो गावी परत गेला. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, आधी आईचा माळा साफ करणार. पप्पाही परवा गेले. घर मोठं झालंय.

१२ जून
व्हिन्सेंट आणि रिया वसईला गेले. शाळा सुरू होतेय म्हणून. व्हि.ला इथे काहीच मिळत नाही, तिथे वाडी बघेल म्हणतो. रिया एअरपोर्टवर, "आय डोंट वॉन्ट टू गो, ममा." मी वर्षभराचंच आहे म्हटलं. तिने विश्वास ठेवला नाही, मीही नाही. उद्या मी देरात राहायला जाते. चार बायकांची खोली, खिडकीतून धक्क्यावरच्या लाकडी होड्या दिसतात.

२५ डिसें.
कॉफी शॉपमध्ये डबल शिफ्ट. फोनवर मागे सगळ्यांचा गोंगाट. पप्पांनी या वर्षीची बरणी उघडली. रिया म्हणाली, "ममा, मी ढवळली होती." मराठीत. मला पुढचं काही ऐकू आलं नाही, हो हो करत राहिले.

९ ऑक्टो. २०१०
हॉटेलने रेस्टॉरंटची जागा परत उघडली, नवं नाव, नवा मॅनेजर. वाइनचं काम माझ्याकडे दिलं. यादी मीच केली, पाओलोची रेड पहिली लिहिली. आज आली, नव्या वर्षाच्या द्राक्षांची. मोकळ्या हॉलमध्ये एकटीने चाखली. चांगलीय. जरा तुरट, अजून कोवळी. मला ती दुपारच हवी होती, तीच उलट्या खुर्च्यांची, आणि ती काही बाटलीत येत नाही.

१८ नोव्हें.
पप्पा पडले. कंबर. व्हि. म्हणतो घाबरू नको, पट्टा बांधलाय. पप्पांनी फोन हिसकावला. "मनुका आणून ठेवल्यात. मला बसून सांगता येईल, पण बरणीत हात घालायला कोणीतरी पाहिजे."
व्हि. करेल म्हटलं.
"त्याला जमत नाही," म्हणाले. मागे व्हि. हसला.
मॅनेजर म्हणतो सीझन आहे, आत्ता रजा घेतलीस तर जागा ठेवता येणार नाही, प्रॉमिस नको मागूस. थांबलीस तर पुढच्या वर्षी तुला हेड करतो, इन्शाल्ला.

२२ नोव्हें.
देरातल्या ट्रॅव्हलवाल्या मलबारी भाईकडे गेले. मुंबई, परवाचं. त्याने कीबोर्डवर बोटं ठेवली.
"रिटर्न कब का, सिस्टर?"
बाहेर धक्क्यावर माल चढत होता. मी बघत राहिले. मागे रांगेतला माणूस खाकरला.
"डेट ओपन रखो," म्हटलं.